नाइटिंगेलबाईंचा बंद पडलेला वॉर्ड

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी परतली की आशाताईंच्या फेऱ्या सुरू होतात. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, नाळ पाहायची, आई अंगावर नीट पाजते का हे विचारायचे. बाळंतपण दवाखान्यात आणि पुढची देखरेख घरी, ही वाटणी आज साधी वाटते. परिचारिकेची खरी गरज रुग्णालयात की घरात, या प्रश्नाने मात्र जगातल्या सर्वांत नावाजलेल्या परिचारिकेला आयुष्यभर सोडले नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. सुखवस्तू इंग्रज घरातल्या मुलीने आजाऱ्यांची सेवा पोटासाठी करणाऱ्या बायकांत मिसळावे, हे घरच्यांना पटणे शक्य नव्हते. अनेक वर्षे विरोध सोसून १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या जर्मनीत कायझरवेर्थला शिकायला गेल्या. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. हातातल्या दिव्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडले, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी अधिक मेल्याचे दिसले. गर्दी, तुंबलेली गटारे आणि कोंदट हवा यांमुळे रुग्णालयच रोगाचे घर झाले होते.

युद्धभूमीवर जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली. १८५७ नंतर त्या बहुतेक घरातच, पुष्कळदा अंथरुणावरच असत. परिचारिकांची त्यांची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली, तीही त्यांनी चालवली पत्रांतूनच.

त्यानंतर लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून बाळंतिणींचा एक छोटा वॉर्ड उघडला. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी इथे सुईणीचे काम शिकावे आणि गावी जाऊन गरिबांच्या घरी बाळंतपणे करावीत, असा बेत होता. बेत चांगला होता, पण वॉर्डात सूतिकाज्वर शिरला. ७८० बाळंतपणांत २६ माता दगावल्या, म्हणजे हजारी सुमारे ३३. साऱ्या इंग्लंडात, अगदी गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या धरूनही, हे प्रमाण हजारी ५ च्या आसपास होते. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला.

दुसऱ्या कोणी हा विषय तिथेच गुंडाळून ठेवला असता. नाइटिंगेलबाईंनी ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवरच्या पुस्तकात ते छापले, आपल्या वॉर्डाच्या मृत्यूंसह. बाळंतीण मोठ्या रुग्णालयापेक्षा घरी अधिक सुरक्षित असते, असा निष्कर्ष त्यांतून निघत होता. कारण शोधताना मात्र त्यांचे लक्ष दूषित हवेवर आणि गर्दीवर राहिले. हा ताप जंतूंचा असतो आणि ते तपासणाऱ्यांच्या हातांवरून आणि हत्यारांवरून पसरतात, हे नंतर पक्के झाले. कारण चुकले तरी मोजणी बरोबर होती.

त्या निष्कर्षावरून आज कोणी घरीच बाळंतपण करायचे ठरवू नये. हात धुण्याची शिस्त, प्रतिजैविके, रक्त आणि शस्त्रक्रिया यांनी ते गणित उलटवले आहे.

घरातल्या शुश्रूषेचे त्यांचे दुसरे काम लिव्हरपूलशी जोडलेले आहे. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याच्या पत्नीची अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने सेवा केली होती. पत्नी वारल्यावर, १८५९ मध्ये, रॅथबोनने याच बाईंना शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवले. तिथले हाल पाहून महिन्याभरात त्या काम सोडायला निघाल्या. रॅथबोनने समजूत घातली आणि त्या टिकल्या. अशा बाया आणखी आणायच्या कुठून, हे त्याने नाइटिंगेलबाईंना विचारले. तयार बाया नव्हत्याच. रुग्णालयाला जोडून शाळा काढा आणि बाया घडवा, असा सल्ला मिळाला. पुढे शहराचे १८ विभाग पडले आणि विभागागणिक परिचारिका फिरू लागली.

घरोघर जाणाऱ्या बाईला थोडक्या शिक्षणावर भागेल, हे त्यांना मान्य नव्हते. तिचे शिक्षण उलट वॉर्डातल्या परिचारिकेहून जास्त हवे, असे त्या म्हणत, कारण घरी हाकेला डॉक्टर नसतो. आधी रुग्णालयात शिकायचे आणि मग घराकडे वळायचे, असा त्यांचा क्रम होता. १८९२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, बकिंगहॅमशर परगण्यातल्या खेड्यांत घरोघर आरोग्य शिकवणाऱ्या बायका तयार करण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण गावच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

शंभर वर्षांनी, मुकुटबनपासून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांत नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आशाताईंच्या फेऱ्यांचे मूळ या कामात आहे.

शेवटच्या वर्षांत नाइटिंगेलबाईंची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील आपल्या घरी झोपेतच त्या गेल्या.