रमाबाईंचे सेवासदन आणि आमची ताई

रमाबाई रानडे म्हटले की न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, एवढेच आपल्याला आठवते. २०१२ साली टीव्हीवर त्यांच्या जीवनावर मालिका आली आणि पाटी गिरवणारी छोटी मुलगी घरोघरी पोचली. मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते वेगळ्या कारणाने. दुखणाइताच्या उशाशी शिकलेली बाई असावी आणि त्या बाईला मान असावा, यासाठी त्या झटल्या.

त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये लग्न झाले. पती एकतीस वर्षांचे, विधुर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवावी, हे मला अजूनही पटत नाही. मात्र त्यांनी पत्नीला मराठी लिहायला-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही. त्यावरून घरातल्या बायकांनी तिला टोमणे मारून हैराण केले. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्यांना ते टोमणे समजावून सांगायला नकोत.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. त्यांच्या आजारपणातली सेवा रमाबाईंनी स्वतः केली होती. वैधव्यानंतर काही काळ त्या घरातच राहिल्या, पण पुढे कामाला लागल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ साली पुण्यात आपल्याच वाड्यात त्यांनी सेवासदन सुरू केले. गोपाळराव देवधर मदतीला होते. तिथे विधवा, परित्यक्ता, गृहिणी शिकू लागल्या. काहींना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले गेले.

यावर समाज गप्प बसणे शक्यच नव्हते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र उचलायचे, आणि तेही विधवेने! एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, लाल आलवणातली एक विधवा बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, अशी हकिकत सांगतात. रमाबाईंनी भर सभेत त्या मुलांची कानउघाडणी केली. हुर्यो उडवणारे अडाणी नव्हते, आपल्यासारखेच शिकणारे होते.

१९२४ मध्ये रमाबाई वारल्या. त्यांची संस्था टिकली, वाढली.

आज नांदेडला किंवा लातूरला दवाखान्यांच्या रस्त्याने चालत जा. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या, नेब्युलायझर दुकानातून मिळतात. वरखाली होणारी खाट आणि ऑक्सिजनचे मशीन भाड्याने मिळते. २०२०-२१ च्या करोनात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर खेड्यापाड्यांत गेले. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या घरीही ते आहे. आजोबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आहेत. यंत्रावर आकडा उमटतो आणि घरातली सगळी एकमेकांकडे बघतात. नर्सिंग झालेली माझी चुलत बहीण सुट्टीला आली की दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते, पाठ कोरडी ठेवते, टाचा दाबल्या जाऊ नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवते. पाठीवरची जखम यंत्राने भरली नाही, तिच्या हाताने भरली. तिने आईला आणि मलाही ते सगळे शिकवले.

ही ताई लातूरला रुग्णांच्या घरी जाऊन रात्रपाळी करते. लोक तिला बोलावतात, पैसे देतात, मुलाला इंजेक्शन द्यायचे असले की ताई म्हणतात. मागच्या वर्षी मात्र, मुलगी रात्री लोकांच्या घरी असते म्हणून तिचे एक स्थळ परत गेले. घरात कुणी मोठ्याने बोलले नाही, पण काकूने दोन दिवस जेवण टाकले.

आता दुसरे स्थळ आले आहे. मुलगा शिकलेला आहे, घर बरे आहे. लग्नानंतर तिने काम सोडावे एवढीच त्यांची अट आहे. काका राजी आहेत. ताईने अजून होकार दिलेला नाही.