सरकारदरबारी लोकांची बाजू : नामदार जगन्नाथ शंकरशेट

सार्वजनिक सोयींचे मोल 2024 च्या उन्हाळ्याने आपणा बेंगळुरूकरांना नव्याने शिकविले. शहराच्या पूर्व भागात कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहण्यात दिवस गेले, आणि जो तो सरकारला बोल लावू लागला. अशा वेळी मुंबईचे नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांच्या चरित्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी झाला. वडील शंकरशेट मुरकुटे हे मुंबईतील मातब्बर व्यापारी. त्यांच्या निधनानंतर ऐन तारुण्यात पेढीचा भार नानांच्या शिरावर आला. तो त्यांनी समर्थपणे पेललाच, पण आपली संपत्ती आणि प्रतिष्ठा लोककार्यासाठीही वेचली.

त्या काळी कंपनी सरकार परके होते आणि प्रजेला मताधिकार नव्हता. तरीही शिक्षणाच्या कामी लोक आणि सरकार एकत्र येऊ शकतात, हे नानांनी ओळखले. 1827 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन परत जाण्यास निघाले, तेव्हा मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमविली. पुतळ्यावर समाधान न मानता हा निधी विद्यादानाकडे वळविण्यात आला, सरकारनेही आपला वाटा उचलला आणि त्यातून एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. या खटपटीत नाना अग्रभागी होते. पुढे 1849 मध्ये विद्यार्थ्यांच्या साहित्यविषयक सभेने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा लोकापवादाची तमा न बाळगता नानांनी त्यासाठी आपली जागा दिली.

1840 साली शिक्षणमंडळ स्थापन झाले. त्यावर सरकारी सभासदांबरोबर तीन हिंदी सभासदही असत, आणि नाना त्यांपैकी एक होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कटाक्ष इंग्रजी माध्यमावर होता. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते मातृभाषेतूनच गेले पाहिजे, असे नानांचे ठाम मत होते. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हेही त्यांच्या बाजूस उभे राहिले. एक मराठी भाषक, एक पारशी, एक मुसलमान असे तिघेजण सत्ताधीशांसमोर देशी भाषांची बाजू मांडत होते. 1854 च्या वुड साहेबांच्या खलित्याने उच्च शिक्षण इंग्रजीतून ठेवले, तरी लोकशिक्षणासाठी देशी भाषांचे महत्त्व मान्य केले. परप्रांती मुलांना मराठी शिकविण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग विशेष जवळचा वाटेल.

लोहमार्गाच्या प्रारंभीच्या उद्योगातही जमशेटजी जीजीभाईंसमवेत नाना होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली, त्यामागे हेही श्रम होते. मात्र सहकार्य म्हणजे होयबागिरी नव्हे. त्याच सुमारास, 1852 मध्ये, नानांच्या पुढाकाराने बाँबे असोसिएशन स्थापन झाली आणि कंपनीच्या कारभारातील दोष दाखविणारा अर्ज थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे रवाना झाला. एका हाताने सरकारला साहाय्य आणि दुसऱ्या हाताने त्याच सरकारला जाब, हे दोन्ही त्यांनी एकाच सचोटीने केले. 1861 च्या कायद्यानुसार बनलेल्या मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांना स्थान मिळाले, ते या विश्वासामुळेच. 31 जुलै 1865 रोजी त्यांचे निधन झाले. संस्कृतच्या अभ्यासकांना मिळणारी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठेची मानली गेली.

आपल्या मारतहळ्ळीपासून फार दूर नसलेले कैकोंद्रहळ्ळीचे तळे परिसरातील रहिवासी आणि महानगरपालिका यांनी मिळून पुन्हा जिवंत केले आहे. नानांची वाट बेंगळुरूलाही अपरिचित नाही, याची ही साक्ष होय. त्या वाटेवर चालण्यास नानांइतके धन लागत नाही. वर्गणी देण्याची, सभेस हजर राहण्याची आणि प्रसंगी अधिकाऱ्यासमोर स्पष्ट बोलण्याची तयारी मात्र लागते. गणेशोत्सवासाठी खांद्याला खांदा लावणाऱ्या आपल्या मंडळाला ती अवघड वाटू नये. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी नानांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.