विश्लेषण : रबरी सूटमधला ‘गॉडझिला’ आजही खरा का वाटतो? कोण होते एजी त्सुबुराया?

राक्षस रबराचा आणि शहर खेळण्यातले, हे ठाऊक असूनही १९५४ मधला कृष्णधवल ‘गॉडझिला’ आजही आवडीने पाहिला जातो. मार्च २०२४ मध्ये याच मालिकेतील ‘गॉडझिला मायनस वन’ने व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्करही पटकावले. हा राक्षस पहिल्यांदा पडद्यावर उभा केला तो एजी त्सुबुराया यांनी.

वैमानिक व्हायचे होते, पण...

त्सुबुराया यांचा जन्म जुलै १९०१ मध्ये जपानमधील फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा येथे झाला. आई लवकर गेली. विमानाच्या वेडापायी ते वैमानिक प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. पण १९१७ मध्ये तिच्या संस्थापकाचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि शाळा बंद पडली. पुढे विद्युत तंत्रज्ञानाचे शिक्षण, खेळण्यांच्या कंपनीत काम असे करत ते चित्रपटाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले. १९३३ मधील ‘किंग काँग’ने त्यांना झपाटून टाकले. त्याची प्रिंट मिळवून त्यांनी एकेक फ्रेम अभ्यासली.

युद्धकाळात काय केले?

१९३७ मध्ये ते तोहो स्टुडिओत आले. १९४२ मध्ये नौदलाच्या पाठबळावर बनलेल्या प्रचारपटासाठी त्यांनी पर्ल हार्बरवरील हल्ला छोट्या प्रतिकृतींतून हुबेहूब उभा केला. जपान हरल्यावर हेच कौशल्य अंगाशी आले. अशा प्रचारपटांमुळे १९४८ मध्ये त्यांना तोहो सोडावे लागले. काही वर्षे स्वतंत्रपणे काम करून ते परतले.

गॉडझिला कसा घडला?

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सारी राख जपानी मासेमारी बोटीवर पडली. २३ जण बाधित झाले, त्यातला एक सप्टेंबरमध्ये दगावला. ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गॉडझिला’ प्रदर्शित झाला. त्यातला राक्षसही हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनीच जागा होतो.

‘किंग काँग’सारखी बाहुली फ्रेमागणिक हलवायला ना वेळ होता, ना पैसा. मग सुमारे १०० किलोच्या सूटमध्ये हारुओ नाकाजिमा हा अभिनेता शिरला. ५० मीटरचा राक्षस २ मीटरचा झाला, म्हणून टोकियोही २५ पट लहान बांधले गेले.

खरी अडचण वेगाची होती. ५० मीटरवरून वस्तू पडायला ३.२ सेकंद लागतात, २ मीटरवरून जेमतेम ०.६४ सेकंद. म्हणजे प्रतिकृती पाचपट लवकर कोसळते आणि खेळणे वाटते. त्यामुळे कॅमेरा जास्त वेगाने चालवून दृश्य पडद्यावर संथ केले गेले. राक्षसाच्या पावलांना वजन आले ते यातून.

मग भीती कशाची?

वजनाचे गणित तंत्राने सुटले. भीती मात्र प्रेक्षकांच्या आठवणीत होती. टोकियो बॉम्बहल्ल्यांत जळून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. जळते रस्ते, रुग्णालयातली जखमी मुले प्रेक्षकांना नवी नव्हती. पर्ल हार्बरचा हल्ला पराक्रम म्हणून दाखवणाऱ्या त्सुबुरायांनी या वेळी तीच कला हल्ल्याखाली सापडलेल्या शहरासाठी वापरली.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९६६ मध्ये तिची ‘अल्ट्रामॅन’ मालिका टीव्हीवर आली. २५ जानेवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. नंतर रबरी सूटची जागा संगणकाने घेतली. पण ‘मायनस वन’ची गोष्टही पुन्हा युद्धात बेचिराख झालेल्या टोकियोतच घडते.