समुद्रतळाचे अभ्यासक सर जॉन मरे

समुद्राला आपल्या पूर्वजांनी रत्नाकर म्हटले. परंतु त्या रत्नाकराच्या तळाशी साठलेल्या गाळालाच रत्नांचे मोल देणारा एक शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्यांचे नाव सर जॉन मरे.

मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग गावी एका स्कॉटिश कुटुंबात झाला. तरुणपणी ते शिक्षणासाठी स्कॉटलंडला आले. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी अनेक विषय आवडीने अभ्यासिले; परीक्षेची व पदवीची हाव मात्र धरली नाही.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज महासागरांच्या शोधार्थ निघाले. त्यावरील शास्त्रज्ञांचे प्रमुख वायव्हिल थॉमसन होते आणि मरे त्यांचे साहाय्यक. वजन बांधलेला दोर खोल सोडावा, तळाचा चिखल वर आणावा, तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा, असा क्रम साडेतीन वर्षे चालला. १८७५ साली पश्चिम पॅसिफिक महासागरात तर ४,४७५ वाव, म्हणजे २६,८५० फूट, खोलीवर तळ लागला.

अटलांटिकच्या तळावरील पांढुरका चिखल ग्लोबिजेरिना नामक सूक्ष्म जीवांच्या चुनामय कवचांचा असतो. हे जीव तळाशीच राहतात, असे थॉमसन मानीत. मरे यांनी शब्दांचा वाद मांडला नाही. त्यांनी पृष्ठभागाजवळच्या पाण्यात बारीक जाळी फिरविली आणि तेथे ते जीव जिवंत सापडले. मेल्यावर त्यांची कवचे तळाशी जातात, हे उघड झाले. थॉमसन यांनीही आपले मत मोकळेपणाने बदलले.

मग अतिशय खोल तळावर ही कवचे का आढळत नाहीत? मरे यांनी दाखविले की, फार खोल पाण्यात ती विरघळून जातात. तेथे उरते केवळ लाल माती. किनाऱ्याजवळ नद्यांनी आणलेला गाळ, त्यापलीकडे मध्यम खोलीवर कवचांचा सिंधुपंक, अतिखोल तळावर लाल माती आणि दक्षिण ध्रुवाभोवतीच्या थंड समुद्रात डायाटम वनस्पतींची वालुकामय कवचे, अशी ही तळाची वाटणी आहे. लाल माती हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर साचते. म्हणून फार पूर्वीच्या शार्क माशांचे दात आणि अंतराळातून पडलेले धातूचे सूक्ष्म गोलकही तीत सापडतात. बेल्जियन शास्त्रज्ञ रेनार यांच्यासह मरे यांनी १८९१ मध्ये या गाळांवरील ग्रंथ नकाशासह प्रसिद्ध केला.

१८८२ मध्ये थॉमसन निवर्तले आणि मोहिमेचे वृत्तांत पुरे करण्याचा भार मरे यांच्यावर आला. सरकारने पुढे हात आखडता घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःचा पैसा घातला. १८९५ मध्ये पन्नास खंडांचे कार्य तडीस गेले.

ख्रिसमस बेटावरील एका खडकाच्या तुकड्यात त्यांनी फॉस्फेट ओळखले होते. त्या उद्योगातून त्यांना संपत्ती लाभली. तीही त्यांनी समुद्रालाच अर्पण केली. १६ मार्च १९१४ रोजी मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे त्यांनी मागे ठेवलेल्या द्रव्यातून १९३३–३४ मध्ये ‘माबाहिस’ जहाजाची मोहीम निघाली आणि आपल्या अरबी समुद्राचा तळ तपासला गेला.

समुद्राचा तळ कणाकणाने भरतो. मरे यांचे ज्ञानही तसेच साठत गेले, आणि गाळाप्रमाणे तेही मागे उरले.