प्रायव्हेट, पब्लिक आणि क्रिस्टेन निगॉर्ड

जावा किंवा सी++ शिकताना एक एरर सगळ्यांना भेटते: हे व्हेरिएबल प्रायव्हेट आहे, इथून वापरता येणार नाही. क्लास आपणच लिहिलेला असतो, व्हेरिएबलही आपलंच, तरी कंपायलर अडवतो. मग बरेच जण वैतागून प्रायव्हेट खोडतात, पब्लिक लिहितात आणि पुढे जातात. पुढच्या वेळी तसं करण्याआधी, ज्यांच्यामुळे ‘क्लास’ प्रोग्रॅमिंगमध्ये आला त्या दोघांपैकी एकाची गोष्ट वाचा.

क्रिस्टेन निगॉर्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी नॉर्वेमधल्या ओस्लो शहरात झाला. १९४८ मध्ये ते देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीसाठीच्या गणितांवर काम करताना त्यांनी माँटे कार्लो पद्धत वापरली. या पद्धतीत रँडम आकडे घेऊन तीच गणना पुन्हा पुन्हा करतात आणि निकालांवरून उत्तराचा अंदाज बांधतात. याच संस्थेत १९५२ मध्ये ओले-योहान डाल आले. निगॉर्ड १९६० मध्ये नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये गेले, आणि काही वर्षांनी डालही तिथे पोहोचले.

निगॉर्डना कारखाने, बंदरं, रांगा यांचं सिम्युलेशन करायचं होतं. यंत्र वाढवलं तर काम किती लवकर होईल, हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं. पण त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये माहिती एकीकडे असायची आणि त्या माहितीवर काम करणारा कोड दुसरीकडे. खरं जग तसं नसतं. ट्रकचं वजन आणि ट्रकचं चालणं एकाच ट्रकचं असतं. म्हणून दोघांनी सिम्युला नावाची भाषा बनवली. तिची पहिली आवृत्ती १९६५ च्या सुरुवातीला युनिव्हॅक ११०७ या मशीनवर चालू लागली.

पुढचा प्रश्न टोलनाक्याचा होता. पुलावर टोलसाठी ट्रक आणि बस एकाच रांगेत उभे आहेत. रांगेत उभं राहणं दोघांचं सारखं, बाकी गोष्टी वेगळ्या. मग सारखा भाग एकदाच का लिहू नये? अशा विचारांतून सिम्युला ६७ तयार झाली. क्लास, ऑब्जेक्ट आणि आज आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो ती कल्पना, हे सगळं तिच्यात होतं.

एक गोष्ट मात्र नव्हती: कुलूप. ऑब्जेक्टच्या नावापुढे डॉट दिला की बाहेरचा कोणताही कोड आतल्या व्हेरिएबलची किंमत बदलू शकत होता. टोलनाक्याचंच उदाहरण घेऊ. बसचा रांगेतला नंबर भलत्याच कोडने परस्पर बदलला, तर प्रोग्रॅम बंद पडणार नाही, एररही येणार नाही. फक्त उत्तर चुकेल आणि ते कळणारही नाही. १९७० च्या दशकात सिम्युलात प्रोटेक्टेड आणि हिडन हे शब्द आले. प्रोटेक्टेड लिहिलं की ती गोष्ट फक्त क्लास आणि त्याच्या सबक्लासना वापरता येते. त्यासोबत हिडन लिहिलं की सबक्लासलाही नाही, म्हणजे जवळपास आपलं प्रायव्हेट. केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेत क्लास आणायला सुरुवात केली. त्यांच्या क्लासमध्ये पब्लिक म्हटल्याशिवाय सगळं प्रायव्हेटच असायचं. सी++ च्या क्लासमध्ये आजही तसंच आहे.

निगॉर्ड मात्र तोवर वेगळ्या कामात शिरले होते. आपल्या सिम्युलेशनमुळे मालकांना कारखाना जास्त नीट दिसतो, पण कामगारांच्या हातात काहीच येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत प्रकल्प केला. कारखान्यात येणारी सिस्टिम काय करते, हे कामगारांनी स्वतः समजून घ्यायचं आणि त्यावर मत मांडायचं. १९७५ मध्ये तिथल्या कामगार आणि मालक संघटनांमध्ये राष्ट्रीय पातळीवर करार झाला आणि नव्या सिस्टिमबद्दल माहिती मिळणं हा कामगारांचा हक्क ठरला.

वरवर पाहिलं तर हे प्रायव्हेटच्या उलट वाटतं. पण प्रायव्हेट म्हणजे गुपित नव्हे. तो पासवर्ड नाही, कोड तर सगळ्यांना वाचता येतो. बदल कोणी करायचा आणि कोणत्या मार्गाने, एवढंच ते ठरवतं. निगॉर्डही कारखान्याबद्दल हेच विचारत होते: इथे बदल कोण ठरवणार?

१९९४ मध्ये नॉर्वेने मतदान करून युरोपियन युनियनमध्ये जायचं नाही असं ठरवलं. त्या विरोधी मोहिमेचं नेतृत्वही निगॉर्ड यांच्याकडेच होतं. पुढे त्यांना आणि डाल यांना मिळून २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. डाल २९ जून २००२ ला गेले आणि सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, निगॉर्ड.

आता ती एरर पुन्हा आली, तर लगेच पब्लिक करू नका. आधी बघा, बाहेरच्या कोडला ती किंमत फक्त वाचायची आहे की बदलायची आहे? वाचायची असेल तर ती परत देणारी एक छोटी मेथड पुरते. बदलायची असेल तर आधी तपासून मगच बदल करणारी मेथड लिहा. व्हेरिएबल प्रायव्हेटच राहू द्या.