दापुरीचा गायकी

गाडगेबाबा म्हटलं की हातात खराटा, अंगावर ठिगळांचे कपडे आणि सोबत फुटकं गाडगं, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण मैत्रिणींनो, खराटा हाती येण्याच्या कितीतरी आधी या माणसाच्या हातात गुरं वळायची काठी होती. आमच्या वऱ्हाडात गुराख्याला गायकी म्हणतात. देबूजी झिंगराजी जाणोरकर हा आपल्याच मुलखातला गायकी.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परिटाची. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा देबू जेमतेम आठ वर्षांचा होता. बचत गटाच्या कामानं मी खेड्यांत जाते, तिथं दारूचा विषय निघाला की बाया आधी गप्प बसतात. मग मी सखुबाईची गोष्ट काढते. गाडगेबाबांच्या आईचंही कुंकू दारूनंच पुसलं, हे ऐकलं की एकेक जण बोलायला लागते.

सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला. विधवा बहीण माहेरी राहायची म्हणजे तिनं राबायचं आणि पोरानंही राबायचं. देबूच्या वाट्याला मामाची गुरं आली. दूर उत्तर ध्रुवाकडे सामी आणि कोमी लोक रेनडियरचे कळप राखतात. तिथं ज्याची त्याची जनावरं ठरलेली असतात, सामी लोक कानावर खूण करून आपलं जनावर ओळखतात. आमच्या गायक्याचं तसं नाही. सकाळी आखरावर गावाची ढोरं गोळा करायची, दिवसभर उन्हापावसात मागं हिंडायचं, आणि त्यातली एक शेपटीही त्याच्या मालकीची नसते! देबूची गुरं निदान मामाची होती, पण पोटाचा हिशेब तोच. शाळा नाही, अक्षरओळख नाही. गोठा झाडणं, शेण काढणं, जनावरं धुणं यातच त्याचं बालपण गेलं. रात्री मात्र भजनात जीव रमायचा. पुढे अख्खी गावं झाडणाऱ्या माणसाचा हात या गोठ्यातच बसला, असं मला आपलं वाटतं.

१८९२ मध्ये कुंताबाईशी लग्न झालं. देबूजी शेतीत वाघासारखा राबायचा. पण मामा सावकाराच्या कर्जात अडकले, जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेले. सही-अंगठ्याचा कागद वाचता येत नसला की काय होतं, ते त्यानं घरातच पाहिलं. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल पण पोरांना शिकवा, असं ते पुढे कीर्तनातून जीव तोडून सांगत, त्याचं मूळ इथं आहे. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण हवं होतं. देबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण तो हटला नाही. ज्या घरात बाप दारूनं गेला, तिथं हा हट्ट धरायला केवढं बळ लागलं असेल!

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. इथं माझ्यातली बाई अडखळते. घरी म्हातारी आई, बायको, लहान लेकरं. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत घरच्यांची भेट झाली, पण बाबा संसारात परतले नाहीत. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात होते आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. बाबांचा हा धीर सगळे सांगतात. घरी कुंताबाईंनी ते दुःख कसं सोसलं असेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

कामाचा पसारा तर थक्क करणारा. ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपुरात १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा उभी केली, ती पुढे डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा काढली. देवापुढे बकरं-कोंबडं कापण्याला त्यांचा कडवा विरोध असे. गायक्याला मुक्या जनावराची माया असायचीच.

लाखो रुपये हातून गेले, पण स्वतःच्या घराकडे एक पैसा वळवला नाही. संस्थांवर नातेवाइकांचा हक्क ठेवला नाही. मूर्तिजापूरला एवढी धर्मशाळा उभी असताना कुंताबाई जवळच्या झोपडीत राहिल्या, असं चरित्रकार सांगतात. नवऱ्याचं नाव महाराष्ट्रभर गाजत असताना त्या चुलीशी फुंकणी घेऊन बसलेल्या मला दिसतात. त्यांची जयंती कुणी करत नाही, पुण्यतिथीही नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या गायक्याचं नाव आज आपल्या लेकी-सुनांच्या पदवीच्या कागदावर छापून येतं.