के. कामराज : टी. नगरमधील भाड्याचे घर

चेन्नईतील त्यागरायनगर, म्हणजेच टी. नगर, आज साड्यांच्या व दागिन्यांच्या दुकानांसाठी ओळखले जाते. रंगनाथन स्ट्रीट व पाँडी बाजार येथे सणासुदीला पाय ठेवायलाही जागा नसते. १९२०च्या दशकात एका मोठ्या तलावाची जमीन कोरडी करून ही वसाहत उभारण्यात आली. जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. याच भागातील तिरुमलै पिल्लै मार्गावर एक साधे घर स्मारक म्हणून जतन केले आहे. मद्रास राज्याचे माजी मुख्यमंत्री कुमारस्वामी कामराज या घरात भाड्याने राहत असत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तोही याच घरात.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टी, म्हणजे आताच्या विरुदुनगर येथे झाला. वडील नारळाचे व्यापारी होते. कामराज सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. मुलगा कामराज व मुलगी नागम्माळ यांची जबाबदारी आई शिवकामी यांच्यावर आली. त्यांनी आपले दागिने एका व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून दिले आणि दरमहा मिळणाऱ्या व्याजावर प्रपंच चालविला, असे चरित्रकार नमूद करतात.

कामराज ज्या शाळेत शिकले, ती नाडार समाजाने घरोघरून मूठमूठ तांदूळ गोळा करून चालविली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांना ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. मात्र घरची ओढाताण इतकी होती की, कामराज यांना लहान वयातच शाळा सोडून मामाच्या कापड दुकानात काम करावे लागले.

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर हा तरुण काँग्रेसच्या कार्यात ओढला गेला. संसारात पडला तर राजकारण सुटेल, या आशेने घरच्यांनी त्याच्या लग्नाची खटपट केली. त्याने नकार दिला आणि तो आयुष्यभर पाळला. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पहिला तुरुंगवास घडला. ऑगस्ट १९४२मध्ये मुंबईच्या 'छोडो भारत' अधिवेशनाहून परतताना त्यांनी पोलिसांना चुकवून ठिकठिकाणी कार्यकर्त्यांपर्यंत निरोप पोचविले आणि नंतर स्वतःहून अटक करून घेतली. आयुष्यातील सुमारे नऊ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. या काळात विरुदुनगरचे घर आईच सांभाळत होती.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले. त्यानंतरही त्यांनी आईला मद्रासला आणले नाही. आई राहायला आली की नातेवाईक येतील आणि नातेवाइकांमागोमाग शिफारशी येतील, अशी त्यांना धास्ती होती. खर्चासाठी ते दरमहा ठरावीक रक्कम पाठवीत. विरुदुनगर नगरपालिकेने मुख्यमंत्र्यांच्या आईची सोय म्हणून घरात पाण्याचा नळ जोडून दिला, तेव्हा कामराज यांनी तो काढून टाकायला लावला, ही हकिकत तमिळनाडूत आजही सांगितली जाते. गल्लीतील इतर बायका जेथे पाणी भरतात, तेथेच आपल्या आईनेही भरावे, असा त्यामागील विचार होता.

या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्याची किंमत मोजली ती एका वृद्ध विधवेने. मुलगा राज्याचा प्रमुख असूनही तिच्या वाट्याला त्याचा सहवास क्वचितच आला.

स्वतःचा संसार न थाटलेल्या या माणसाची कारकीर्द मात्र इतरांच्या मुलांसाठी ओळखली जाते. मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ वडिलांचा धंदा शिकण्यात घालवावा, ही राजाजींच्या काळातील योजना त्यांनी रद्द केली. खेडोपाडी नव्या शाळा काढल्या. शाळेत गेलो तर जेवायला कोण घालणार, असे गुरे राखणाऱ्या मुलांनी विचारल्यावर त्यांना मध्यान्ह भोजनाची कल्पना सुचली, असे सांगतात. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्या साहाय्याने १९५६मध्ये ही योजना सुरू झाली. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२मध्ये तिचा मोठा विस्तार केला आणि १९९५मध्ये केंद्र सरकारने अशीच योजना देशभर लागू केली.

पक्षकार्यासाठी ज्येष्ठांनी सत्तापदे सोडावीत, असा प्रस्ताव मांडून ऑक्टोबर १९६३मध्ये त्यांनी स्वतः मुख्यमंत्रिपद सोडले. या 'कामराज योजने'नुसार मुंबईचे स. का. पाटील यांनीही केंद्रीय मंत्रिपद सोडले होते. पुढे काँग्रेस अध्यक्ष या नात्याने १९६४मध्ये लालबहादूर शास्त्री आणि १९६६मध्ये इंदिरा गांधी यांच्या निवडीत कामराज यांचा शब्द निर्णायक ठरला. १९६७च्या निवडणुकीत मात्र विरुदुनगरमध्येच द्रमुकच्या पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांचा पराभव केला. त्याच वर्षी मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले.

१९६९च्या फुटीनंतर कामराज इंदिरा गांधींच्या विरोधी गटात राहिले. आणीबाणी सुरू असताना, गांधीजयंतीच्याच दिवशी, टी. नगरच्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मागे मालमत्ता अशी राहिली नव्हती. काही कपडे, पुस्तके आणि किरकोळ रक्कम एवढाच ऐवज घरात होता, असे सांगितले जाते. घर तर भाड्याचेच होते. १९७६मध्ये त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' देण्यात आले.

त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, तमिळनाडूतील शाळांमध्ये शिक्षण विकास दिन म्हणून साजरा केला जातो.